न उतरलेला बावटा

मित्रांनो, मी एक जुना बावटा आहे. समुद्राच्या काठी धोका सांगायला काठीवर चढवतात, तसला. माझा रंग कोणता, हे मात्र आत्ताच विचारू नका. त्या रंगाचीच तर ही गोष्ट आहे.

सध्या मी राखणदाराच्या मचाणावरच्या लाकडी पेटीत घडी होऊन पडलेला असतो. धोक्याच्या दिवशी माझ्या डोक्यावर, काठीच्या टोकाला, आता दुसरा फडकतो. नवा आहे, करकरीत आहे. मला त्याचा हेवा वाटत नाही. खरे सांगायचे तर थोडासा वाटतो, पण तो माझाच भाऊ आहे आणि त्याला जन्म देणारे हातही तेच आहेत.

ते हात दोन्या उबाल्दिनाचे; दोन्या म्हणजे आमच्याकडे बाई. इक्वेडोरच्या किनाऱ्यावर पुंता सेइबो हे आमचे गाव. तिथे वाळूच्या कडेला उबाल्दिनाची खाणावळ आहे. सकाळी कच्च्या केळ्याचे चीज भरलेले गोळे आणि कॉफी, दुपारी शेंगदाण्याच्या रश्श्यातले मासे. खाणावळीच्या पुढच्या छपरासाठी तिने जाड लाल कापड आणले होते. त्याच सुमारास तिची मुलगी नेरेइदा किनाऱ्याची राखणदार म्हणून कामाला लागली. पालिकेने तिला शिट्टी दिली, दोर दिला, हिरवा आणि पिवळा बावटा दिला. लाल द्यायचे राहून गेले. उबाल्दिनाने छपराच्या कापडात कात्री घातली आणि त्याच संध्याकाळी मला शिवून काढले. कडा दोनदा दुमडून तिने दुहेरी शिवण घातली.

"वाऱ्यानं फाटला तर माझं नाव बदला," ती म्हणाली. तिचे नाव अजून उबाल्दिनाच आहे.

नेरेइदा रोज पहाटे घोटाभर पाण्यात उभी राहायची. काही बोलायची नाही, नुसती बघायची. पायाखालची वाळू कशी सरकते, फेस कुठल्या बाजूला पळतो, हे सगळे बघून झाले की मचाणावर चढून तीन बावट्यांतला एक लावायची. हिरवा म्हणजे खुशाल या. पिवळा म्हणजे जपून. आणि मी म्हणजे, बाबांनो, मागे फिरा.

पण माझी एक गंमत होती. मला बघून पोराबाळांची कुटुंबे मागे फिरत आणि सर्फिंगवाले धावत सुटत! मी चढलो म्हणजे लाटा मोठ्या, हे त्यांना पक्के ठाऊक. दूरदूरच्या देशांतून सुट्टीला आलेली, नाकाची साले निघालेली ती मंडळी फळ्या काखेत मारून माझ्याखालून पळत आणि जाता जाता मला सलामही ठोकत. मला राग येई. अरे, मी नको म्हणतोय ना! पण ती पट्टीची पोहणारी माणसे होती. नेरेइदा त्यांना जाऊ देई आणि डोळ्यात तेल घालून बघत बसे. नवशिक्यांना मात्र मी असताना पाण्यात पाऊल टाकायची बंदी होती.

त्या नवशिक्यांचा गुरू होता तेल्मो, नेरेइदाचा धाकटा भाऊ. बांबूच्या खोल्या बांधून तो पाहुणे ठेवी आणि त्यांना फळीवर उभे राहायला शिकवी. बहिणीला ताई म्हणावे तसे तो 'न्यान्या' म्हणे. दोघांचे भांडण रोज ठरलेले.

"न्यान्या, आज पिवळा लाव ना गं. लाटा बघ, मांजरीसारख्या आल्यात."

"मग मांजरीलाच शिकव जा."

"तुझ्या त्या लाल फडक्यानं माझे पाहुणे पळाले ना, तर मी तुझ्याकडेच जेवायला येईन."

"रोज येतोसच की! नवीन काय सांगतोस?"

तो हसत हसत जायचा आणि पाहुण्यांना सांगायचा, "आज सुट्टी. राणीसरकारांचा हुकूम आहे." इतकी वर्षे त्याने माझी चेष्टा केली, पण माझा शब्द एकदाही मोडला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पाहुण्यांच्या पैशासाठी तो मला जुमानत नव्हता, असे भलतेच पुढे लोक बोलू लागले.

मग ते कार्निव्हल आले. आमच्याकडे कार्निव्हलला जो तो दुसऱ्याला भिजवतो, पिठाने माखतो, फेस उडवतो, आणि कुणी कितीही छळले तरी रागवायचे नाही असा रिवाज आहे. त्या दिवसांत जो रागवला, त्याला वर्षभर चिडवतात.

त्या वर्षी समुद्र खवळलेला होता आणि मी रोज काठीवर होतो. तेल्मोकडे अर्जेंटिनाहून आलेली मालेना नावाची मुलगी होती. मोठी गुणी पोर. शिकायला म्हणून आली होती, पण फळीवर गुडघे टेकण्यापलीकडे तिची गाडी गेली नव्हती. सुट्टीचा शेवटचा दिवस उजाडला.

"एकदाच उभी राहते," ती तेल्मोला म्हणाली. "उद्या सकाळी माझी बस आहे."

"लाल आहे," तेल्मोने माझ्याकडे बोट केले. "तो उतरला तर बघू. नाहीतर पुढच्या वर्षी ये. समुद्र कुठं पळून जात नाही."

मालेना मुकाट्याने वाळूवर जाऊन बसली. फळी बाजूला ठेवून ती सकाळपासून माझ्याकडे बघत होती. मी उतरायची वाट बघत होती.

दुपारी खाणावळीपुढे दंगा सुरू झाला. बादल्या उलट्या होत होत्या, पीठ उडत होते. नखशिखान्त पांढरा झालेला तेल्मो कधी मचाणावर चढला ते कळलेच नाही. त्याने मला काठीवरून काढले, घागऱ्यासारखे कमरेला गुंडाळले आणि खाली उडी मारून नाचू लागला. सगळा किनारा खदखदून हसला. उबाल्दिना हातात डाव घेऊन बाहेर आली आणि ओरडली, "अजून एक गिरकी, माझ्या राजा!"

नेरेइदा बादली घेऊन त्याच्यामागे धावली. "दे तो इकडे, गाढवा! परत लाव!"

"आधी पकड तर!"

ती रागवणार कशी? कार्निव्हल होते. तीही हसत होती. मीसुद्धा, मित्रांनो, मीसुद्धा खूश होतो. जन्मभर लोकांना 'नको' म्हणणाऱ्याला कुणीतरी पहिल्यांदाच नाचवले होते.

किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या मालेनाला ना नाच दिसला, ना हसणे ऐकू आले. तिला फक्त रिकामी काठी दिसली. तिला वाटले, बंदी उठली. शहाण्या मुलीसारखी थांबली होती, तशीच शहाण्या मुलीसारखी उठली आणि फळी घेऊन पाण्यात गेली.

तिला पहिल्यांदा पाहिले तेल्मोने. नाचता नाचता तो एकदम थबकला. मग कमरेला मी तसाच असताना त्याने स्वतःची फळी उचलली आणि पाण्यात झेप घेतली. त्याच्या मागोमाग नेरेइदाची शिट्टी मला ऐकू आली, आणि मग फक्त पाणी.

मालेनाची फळी कधीच वाहून गेली होती. ती गटांगळ्या खात होती. तेल्मोने तिला आपल्या फळीवर पालथी घातली. तिच्या हातांत धरून राहायचेही बळ उरले नव्हते. त्याने मला कमरेवरून सोडले आणि तिच्या पाठीवरून, फळीच्या खालून घेऊन करकचून गाठ मारली. मी कसाबसा पुरलो.

"डोळे मीट. तोंड मीट. मी ढकलतो," तो तिला म्हणाला. त्याचे हे शेवटचे शब्द मी ऐकले. मग लाट आली. त्याने आम्हाला लाटेच्या अंगावर लोटून दिले आणि आम्ही किनाऱ्याकडे निघालो. तो मागेच राहिला. फळी एकच होती.

नेरेइदाने दोर घेऊन आम्हाला गाठले, मालेनाला जिवंत बाहेर काढले आणि ती पुन्हा आत गेली. मग पुन्हा गेली. शेवटी कोळ्यांनी तिला ओढून वाळूवर आणले, तेव्हा ती त्यांनाच मारत सुटली होती. समुद्राने तेल्मोला परत दिले ते दुसऱ्या दिवशी, पलीकडच्या खडकांत.

त्याला माती दिल्यावर नेरेइदाने मला गोड्या पाण्यात धुतले आणि काठीवर चढवले. त्यानंतर तिने मला उतरवलेच नाही.

समुद्र तळ्यासारखा शांत असला तरी मी वरच. हिरवा आणि पिवळा पेटीत कुजत पडले. पालिकेने माझ्या जागी लावायला नवा लाल बावटा पाठवला, तोही तिने पेटीत टाकला. पहाटे पाण्यात उभे राहणेही तिने सोडले. बघायचे कशाला? उत्तर ठरलेले होते.

त्याचे काय झाले, ऐका. सुट्टीला येणारे लोक पुढच्या गावी जाऊ लागले. उबाल्दिनाच्या चुली दुपारीच विझू लागल्या. फळीवाले लांबून मला बघून धावत येत आणि सपाट पाणी पाहून नेरेइदाला नावे ठेवत परत जात. आणि गावची पोरे माझ्याखालीच डुंबू लागली. "तो काय, रोजचाच आहे," ती म्हणत. मित्रांनो, बावट्याला फाटल्याचे दुःख नसते. आपल्याकडे कुणी बघत नाही, याचे दुःख असते. मी ओरडून थकलो होतो आणि माझे ओरडणे कुणाच्या गावीही नव्हते.

मायलेकी एकाच घरात राहत. भात हवा का, मीठ दे, एवढेच बोलत. त्या दुपारबद्दल दोघींनीही कधी तोंड उघडले नाही. नेरेइदाला वाटे, आईने आपल्याला माफ केलेले नाही. मचाणावर एकटी असली की ती मला हात लावून पुटपुटे, "मी हसले रे. मी हसले."

आणि वर ऊन होते. दिवसभर, वर्षभर, सुट्टी नसलेले ऊन. आधी मी विटकरी झालो, मग पिकल्या पपईसारखा, मग पेरूच्या गरासारखा. शेवटी काहीच राहिले नाही.

पुन्हा एक कार्निव्हल आले. समुद्र पुन्हा खवळला. डोंगरावरच्या शहरातून एक म्हातारे गृहस्थ नातीला समुद्र दाखवायला घेऊन आले. नातीचा हात धरून ते सरळ पाण्यात शिरले. नेरेइदाने शिट्टी फुंकली, पण लाट तिच्यापेक्षा जवळ होती. लाटेने पोरीला आजोबांच्या हातातून हिसकून नेले. नेरेइदा झेपावली आणि पोरीचा फ्रॉक तिच्या मुठीत आला, म्हणून बरे.

पोर खोकत, रडत वाळूवर बसली. नेरेइदाचा तोल सुटला. "डोळे काय घरी ठेवून आलात, आजोबा? एवढा लाल बावटा दिसत नाही?"

म्हाताऱ्यांनी नातीला छातीशी धरले. "लाल?" ते म्हणाले. "बाई, कुठं आहे लाल? तो तर पांढरा आहे. मला वाटलं, पांढरा म्हणजे भीती नाही."

नेरेइदाने वर पाहिले. ती मला रोज बघत होती, म्हणून तिला मी लालच दिसत होतो. त्या दिवशी तिने मला परक्या माणसाच्या डोळ्यांनी पाहिले. मग मचाणावर आली आणि माझ्या दोरीला धरून नुसती उभी राहिली. उतरवणे तिला जमेना.

तेव्हा शिडी करकरली. दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवत उबाल्दिना वर येत होती. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच मचाणावर चढली होती. तिच्या काखेत लाल कापडाची घडी होती.

"शिवून ठेवून किती दिवस झाले," ती धापा टाकत म्हणाली. "तू मागशील म्हणून थांबले होते."

"आई, त्यानं हा काढला तेव्हा मी हसले होते."

"मी तर त्याला अजून एक गिरकी मार म्हणाले होते, पोरी."

मग उबाल्दिनाने माझी कड हातात घेतली आणि नखाने दुहेरी शिवण थोडी उसवली. आत, जिथे ऊन पोचले नव्हते, तिथे मी अजून लाल होतो. पहिल्या दिवसासारखा.

"बघ, इथं आहे अजून," ती म्हणाली. "जपायला एवढा पुरे. बाकीचा उतरव."

नेरेइदाने मला उतरवले.

मित्रांनो, काठीवर लाल बावटा दिसला तर मागे फिरा आणि कुणी कितीही हसवले तरी तो जागेवरून हलवू नका. आणि तुमच्या घरी कुणी दुःखाचा बावटा कायमचा चढवून बसले असेल, तर त्या माणसाकडून तो मागून घ्या. वाट बघू नका, शिडी चढून जा.

दुसऱ्या आठवड्यात समुद्र निवळला. पहाटे नेरेइदा घोटाभर पाण्यात जाऊन उभी राहिली. मग वर येऊन तिने पेटी उघडली, माझ्या उसवलेल्या कडेवरून एकदा बोट फिरवले आणि माझ्याखालचा हिरवा काढून घेतला. पेटीचे झाकण लागले. अंधारात मला आधी दोरी सरसर वर जाताना ऐकू आली आणि थोड्या वेळाने पाण्यात शिरणाऱ्या पोरांचा कल्ला.