वस्तीची गाडी

ऐन लावणी. मालनच्या शेतात आम्ही सगळ्या वाडीतल्या बाया गुडघाभर चिखलात वाकून भाताचं आवण लावत होतो. पावसाची सर पाठीवर फटके मारत होती. तेवढ्यात बांधावर छत्री दिसली. छत्रीखाली आप्पा. गावकीचे अध्यक्ष, आणि शहरातली समाजसेवी संस्था गावात आल्यापासून तिच्या युवा भागीदारी मंचाचेही अध्यक्ष. पायाला चिखल लागू नये म्हणून बगळ्यासारखा एकेक पाय उचलत आले.

"मालन, उद्या मंचाची बैठक हाय. डेपोचं सायब, कालेजचं सर, संस्थेच्या म्याडम, समदी येतायत. जेवान तुमी बाया बघा."

"आनी आमची लावनी कोन बघंल? म्याडम?" मालन मान वर न करता बोलली.

"गो, पोरांच्या भविष्याचा इषय हाय!"

"मंग पोरांना बोलावलाव काय बैठकीला?"

"बोलावलंय तर! खुर्च्या कोन लावंल? पानी कोन देईल?"

आप्पा गेले तशी मालन बांधावर पचकन थुंकली.

आता हा मंच म्हणजे काय ते सांगते. गावची पोरं दहावीनंतर शिकत नाहीत, असा ह्यांनी बैठका घेऊन घेऊन शोध लावला. अहो, हे आमच्या गोदूबाईच्या म्हशीलाही ठाऊक होतं! कॉलेज सकाळी साडेसातला भरतं आणि गावातून पहिली एसटी निघते दहाला. मग पोरगे मुंबईला हॉटेलात भांडी घासायला आणि पोरी काजूच्या कारखान्यात. औषध एकच. रात्रीची गाडी गावात वस्तीला राहायची आणि पहाटे सुटायची. पण डायवर-कंडक्टरला निजायला कोरडी जागा, पाणी, संडास हवा. आणि गावात तशी जागाच नाही, असं डेपोवाले सांगत.

नाही कशी? मंचाने युवा केंद्र बांधलं होतं की! लाद्या, पंखा, मागे संडास. फक्त त्याला कायम कुलूप, आणि चावी आप्पांच्या करगोट्याला. विचारलं तर म्हणत, "डायवर तिथं घोरत पडला तर युवकांनी जायचं कुठं?" युवक! उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलेला एक युवक दाखवा. आत पालींची तेवढी वस्ती.

दुपारी बांधावर भाकरी सोडली तेव्हा मालन बोलली, "माजी दीपाली अंदा दहावी झाली. तिचा बापूस मुंबईवरनं फोन करतो, कारखान्यात घाल म्हनून. मी नाय घालनार. काशी, तुज्या संस्कृतीचं काय झालं ते बघतंय ना मी?"

काशीने खाली मान घातली. तिची लेक संस्कृती गेल्या वर्षी दहावीला शाळेत पहिली आली होती. फाट्यावरची गाडी धरायला पहाटे निघायची, पावसात एकटी. एक दिवस वाटेतल्या ओढ्याने, पऱ्याच्या पाण्याने तिला ओढलं. झाडाचं मूळ हाती लागलं म्हणून वाचली. त्या दिवसापासून शिक्षण बंद. आता काजू सोलते. बोटांची सालं गेलीत पोरीच्या.

"उद्या चूल पेटवायची नाय," मालन बोलली. "आदी केंद्राची चावी, मंग भात."

"गावकी वाळीत टाकंल गो आपल्याला!" काशी बोलली.

"टाकू दे. मंग त्यांना रांधून कोन घालतंय ते बघू."

दुसऱ्या दिवशी देवळात भाषणं दुपार टळेपर्यंत चालली. सहभाग, समन्वय, सक्षमीकरण. तोंडाला फेस आला, तेव्हा आप्पा उठले. "चला, जेवून घेऊ." मागे येऊन बघतात तर चुली थंड. आणि आम्ही बाया शेतातून तशाच, चिखलाच्या पायांनी, देवळामागच्या केंद्राच्या पायरीवर बसलेल्या.

"जेवान कुठाय?" आप्पा ओरडले.

"चावी कुठाय?" मालनने विचारलं.

"पावन्यांसमोर लाज काढतंस गावाची?"

"लाज त्या कुलपाच्या आत कोंडलीव तुमी. उघडा, म्हंजे दिसंल."

डेपोचे साहेब पुढे आले. "कसली चावी?" मालनने केंद्राकडे बोट दाखवलं. साहेब खिडकीतून आत बघून आले आणि आप्पांकडे वळले. "गावात जागा नाही असं तुम्हीच मला सांगितलं होतंत ना? ही काय मग?"

आप्पांची मान सरड्यासारखी हलायला लागली. "ती... ती युवकांसाठी..."

इतका वेळ पाण्याची घागर घेऊन उभी असलेली संस्कृती पुढे झाली. "सर, गाडी आली तर माजा परवेश हुईल काय? एक वरीस वाया गेलंय." कॉलेजच्या सरांची नजर तिच्या बोटांवर गेली. "होईल. उद्याच ये," ते हळूच बोलले.

म्याडमनी टाळ्या वाजवल्या. कोणीच साथ दिली नाही.

आप्पांनी करगोट्याची चावी सोडली. सोडताना तोंड असं, जसा दातच उपटतायत. साहेबांनी तिथेच गाडीचा शब्द दिला. मग मालनने आमच्यासाठी घरून करून आणलेली पेज आणि सुकट पाहुण्यांसमोर ठेवली. भुकेने सगळे मुकाट जेवले.

पुढच्याच आठवड्यात गाडी आली. विनोद कंडक्टरने केंद्र झाडून काढलं, पाली हाकलल्या. पहाटे दीपाली, संस्कृती आणि वाडीतली आणखी पोरं खिडक्या धरून बसली. काशी गाडी वळणाआड जाईपर्यंत पदर तोंडाला लावून उभी होती. मालन मात्र थांबली नाही. शेत राहिलं होतं.

गणपतीच्या आधी फाट्यावर फ्लेक्स लागला. हात जोडलेले आप्पा, माणसाएवढे, आणि वर मोठ्या अक्षरांत 'आप्पांच्या अथक प्रयत्नांना यश.' चार दिवसांत फ्लेक्स नाहीसा झाला. शोधत शोधत आप्पा मालनच्या घरामागच्या परड्यात आले. तिच्या लाकडांच्या रचीवर फ्लेक्सवरचे आप्पा पालथे पडले होते. वरून पाऊस धो धो कोसळत होता आणि खाली लाकडं खडखडीत कोरडी.

"माजा फ्लेक्स हितं?" आप्पांनी त्याचं टोक धरून ओढलं.

"ऱ्हाऊ दे आप्पा," मालन बोलली. "जल्माला येऊन पयल्यांदा तुमचा वाडीला काय उपेग झालाय."