काकांची डावी बाजू

मित्रांनो, लाल रंग फार वर्षं उन्हात राहिला की गुलाबी दिसू लागतो. माझा तसाच झालाय. न्यूझीलंडमधल्या अप्पर हट गावाच्याही पुढे, टेकडीच्या पायथ्याशी एक छोटं अग्निशमन केंद्र आहे, तिथला मी जुना बंब. आमच्याकडे पगारी माणसं नाहीत. भोंगा वाजला की कुणी दवाखान्यातून, कुणी सुतारकाम टाकून, कुणी पायात नुसते जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अडकवून पळत येतो.

मला बांधलं तेव्हा टाकी, पंप, शिडी, नळ्या असं एकेक अंगावर चढवलं. नवरीला दागिने घालतात ना, तसं. फरक एवढाच की नवरी रात्री ते उतरवून ठेवते.

मला पहिल्यांदा चालवलं ते चंद्रशेखरकाकांनी. पुण्याहून इंजिनीअर म्हणून आलेले, आणि इथे हौसेने स्वयंसेवक झालेले. उन्हाळ्यात पेटलेलं गवत, पुरात अडकलेल्या मेंढ्या, धुराड्यांतल्या ठिणग्या, आम्ही दोघांनी सगळं पाहिलं. शाळेची मुलं भेटीला आली की काका त्यांना माझ्यात बसवायचे आणि माझं इतकं कौतुक करायचे की मलाच लाजल्यासारखं व्हायचं.

सुनीतीलाही त्यांनीच मला चालवायला शिकवलं. "अगं, ही काय स्कूटर आहे? याच्या पोटात पाणी आहे. तू ब्रेक मारलास तरी ते पुढे धावत राहतं!" सुनीती हॉस्पिटलात नर्स. पुढे ती आमच्या केंद्राची प्रमुख झाली, पण काकांसमोर शिकाऊच राहिली.

दर सहा महिन्यांनी माझी तपासणी होते. एकदा माझा डावा आरसा नापास झाला. कुणी हळहळलं नाही, "बिचाऱ्याला वाईट वाटेल" असं कुणी म्हणालं नाही. आरसा बदलला आणि सगळे चहा प्यायला गेले.

माणसांचं मात्र असं नसतं.

सुनीती काकांच्या डावीकडच्या सीटवर बसायची. एकदा ती सहज म्हणाली, "काका, डावीकडे सायकल."

"दिसतंय गं."

मग कधी कचऱ्याचा डबा, कधी उभी गाडी, कधी कुत्रा. दर वेळी काकांचं उत्तर तेच, "दिसतंय गं." पण दिसत नव्हतं. मला कळायचं, कारण स्टिअरिंग तिच्या आवाजानंतर वळायचं. हळूहळू त्या सीटवर बसेल त्याने डावी बाजू सांगायची, असा रिवाजच पडला. त्यावर कुणी बोललं नाही. काकू गेल्यापासून काकांना घराबाहेर काढणारा तो एक भोंगाच होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सुनीती कितीदा तरी त्यांच्यापाशी येऊन उभी राहायची. "काका, मी काय म्हणते..."

"काय गं?"

"रविवारी थालीपीठं आणू का?"

असं करत वर्ष गेलं.

शरद ऋतूतल्या एका दुपारी कुठल्याशा शेडला आग लागली. त्या दिवशी डावीकडे बसला अभिषेक. हा नवा मुलगा, घरून कॉम्प्युटरचं काम करतो. सुनीती मागे बसून अंगात जाड कोट चढवत होती. वळणावर एक बाई आम्हाला वाट द्यायला सायकल घेऊन कडेला थांबली होती. काकांनी वळण अगदी डाव्या कडेने घेतलं. अभिषेक गप्प. सुनीती ओरडली, पण उशीर झाला होता. बाईने सायकल सोडून गवतात उडी घेतली आणि माझं डावं चाक सायकलवरून गेलं.

टोपलीतली फिजोआची हिरवी फळं रस्ताभर घरंगळली. बाईला खरचटलंसुद्धा नव्हतं. शेडकडे दुसरी गाडी गेली. काका खाली उतरून म्हणाले, "ही इथे आली कुठून?"

परत आल्यावर अभिषेक रडवेला झाला. "सॉरी काका. मला वाटलं, तुम्हाला दिसलीये. म्हणजे... समोरच होती ना."

"तू नको सॉरी म्हणू," सुनीती म्हणाली. "डावीकडचं सांगायचं असतं, हे तुला मी सांगितलंच नव्हतं. काका, तुम्हाला डावीकडचं दिसत नाही."

"ऊन होतं डोळ्यावर."

"आजचं नाही हे. वर्ष झालं."

काकांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"हॉस्पिटलात कुणी परका म्हातारा आला, तर त्यालाही अशीच थालीपीठं देऊन घरी पाठवतेस का गं?"

सुनीतीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"वाटलं असतं. रागही आला असता. आणि आज ती बाई गेली असती तर?"

त्यांनी कोट खुंटीला अडकवला आणि ते निघून गेले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही. आधी आला असतात तर बरीच वाचली असती, असंही म्हणाले. हे काकांनी सुनीतीला फोनवर सांगितलं, अगदी साध्या आवाजात. त्यानंतर ती माझ्या डाव्या आरशापाशी येऊन उभी राहिली आणि पुसलेलाच आरसा पुन्हा पुन्हा पुसत बसली. माझी तपासणी असेल त्याच आठवड्यात चालवणाऱ्या सगळ्यांचे डोळे तपासायचे, असा नियम तिने केला. पहिले स्वतःचे तपासले. पण त्याने मन हलकं झालं नाही तिचं. मला कळतं ते. अजूनही ती ब्रेक जरा लवकरच मारते.

पुढच्या भोंग्याला काका आले. सवयीने माझ्या उजव्या दाराशी गेले. आत सुनीती बसली होती. त्यांनी दाराची मूठ धरली, क्षणभर धरूनच ठेवली, मग सोडली आणि केंद्राचं मोठं दार उघडायला गेले.

आम्ही परतलो तेव्हा ते थांबलेले होते. मी मागे सरकत आत जाताना कुणाला तरी मागे उभं राहून खुणा कराव्या लागतात. ते उभे राहिले, दोन्ही हात वर करून.

"काका, सरका! डावीकडे खांब आहे!" सुनीती मोकळ्या गळ्याने ओरडली.

"ऐकलं!" काका म्हणाले. "दिसतंय गं" म्हणाले नाहीत.

मित्रांनो, मीही आता थोड्याच दिवसांचा सोबती. माझी निवृत्तीची तारीख कधीच ठरली आहे, माणसांची कुणी ठरवून देत नाही. तुमच्या घरी कुणी आजोबा, कुणी काका गाडी चालवत असतील आणि शेजारी बसून तुम्ही त्यांना हळूच रस्ता सांगत असाल, तर तेवढ्यावर थांबू नका. त्यांना स्पष्ट सांगा, आणि डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर जा. ते चिडतील. चिडू द्या.

माझा आरसा बदलला तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. वाटलं असतं, तरी तो बदलायलाच हवा होता.