लंडन, सकाळी सात

घरातलं माणूस लांबच्या वाटेला लागलं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हे गोजरने सासूकडून घेतलं होतं आणि सासूपेक्षा कडक पाळलं होतं. मग नवरा नुसता वाशिंदला का गेलेला असेना! आज तर लेक प्रियांका नवऱ्याकडे लंडनला निघालेली. जन्मात पहिल्यांदा विमानात, तेही एकटी.

तिकिटावर स्वच्छ छापलं होतं, मुंबईहून रात्री अडीच, लंडनला सकाळी सात. तिच्या नवऱ्याचा, वाल्मिकचा सगळा जन्म खर्डी स्टेशनात गाड्यांचं टाइमटेबल वाचण्यात गेला होता. त्याने एका वेळेतून दुसरी वजा केली आणि निकाल दिला, "साडेचार तास. भुसावळला जायला जास्त टाइम लागतो गो!"

सात वाजले तशी चहाची बशी खाली ठेवून तो म्हणाला, "उतरली तुझी लेक." गोजरने देवाला हात जोडले, घर झाडून काढलं आणि केर मागच्या उकिरड्यावर टाकला.

फोन मात्र येईना. आठ वाजले, नऊ वाजले. गोजर फोनजवळून हलेना. शेजारच्या धोंडीबाईची सून रेश्मा शाळेत शिकवायची. ती चौकशीला आली आणि तिकिटाची झेरॉक्स वाचून तिने कपाळाला हात लावला.

"काका, सात म्हणजे तिथल्या घड्याळात सात. आपल्याकडं तवा साडेबारा होतील. हजारो किलोमीटर लांब हाय ते! प्रियांका अजून विमानातच हाय."

पोर आभाळात आणि आपण केर काढून मोकळे! गोजर सूप घेऊन मागे धावली. निघताना वाटलेले चुरमुरे, वेणीतून गळलेली अबोली, विंचरून टाकलेला केसांचा गुंता, सगळं वेचून तिने आणलं आणि पुन्हा घरभर पसरलं. एरवी अशा वेळी वाल्मिकने तिची यथेच्छ टिंगल केली असती. आज तो पाय वर घेऊन गुमान खाटेवर बसून राहिला. दोघांच्याही पोटात अन्नाचा कण गेला नाही.

दीड वाजून गेल्यावर फोन वाजला.

"आये, पोचले गो. हे आलेत न्यायला. तू जेवलीस का?"

"जेवले," गोजर खोटंच बोलली.

फोन ठेवल्यावर वाल्मिक हसला. "सुटलो बुवा! आता झाड बिनधास्त."

गोजरने झाडू उचलला आणि तशीच उभी राहिली. सकाळपासून नुसता पोचू दे, पोचू दे असा जप चालला होता. वाटेत होती तोवर पोर या घरातून निघालेली होती. आता पोचली, म्हणजे तिथली झाली.

"राहू दे आजच्या दिवस," ती म्हणाली, आणि त्या केरातच बसून ढसाढसा रडली.