व्होल्टेज पडलं तर

"व्होल्टेज अर्धं झालं आणि रोध तेवढाच राहिला, तर करंटचं काय होतं?" दिपमालाने धुळ्याच्या एसटीत चौथ्यांदा विचारलं.

"वाढस," उखर्डू म्हणाला.

"नाना! कमी व्हस! व्होल्टेज भागिले रोध. दोनशेतीस भागिले शेहेचाळीस, पाच अँपियर. एकशेपंधरा भागिले शेहेचाळीस?"

"अडीच. मंग व्होल्टेज पडनं का मोटारी काय हौस म्हणीसन जळतस?"

"मोटारनं गणित येगळं शे. परीक्षामा हीटरच इचारतस. तुम्ही फक्त कमी म्हणा."

उखर्डू चिडून खिडकीबाहेर बघू लागला. चाळीसगावात तीस वर्षं तो जळालेल्या मोटारी भरत होता, म्हणजे त्यांची तांब्याची गुंडाळी नव्याने घालत होता. सकाळी कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन, संध्याकाळी स्वतःचं दुकान. जिनिंगच्या नव्या मॅनेजरने मात्र सांगितलं होतं, वायरमनचं परमिट आणा, नाहीतर सोमवारपासून येऊ नका. परमिटच्या तोंडी परीक्षेत तो दोनदा नापास झाला होता, दोन्ही वेळा याच प्रश्नावर परीक्षा घेणाऱ्या साहेबांशी हुज्जत घालून. शेवटी आयटीआयला जाणाऱ्या मुलीने, दिपमालाने, त्याला शिकवायला घेतलं. वॅट, ओहम, अँपियर. या वयात हे पाठांतर करायचं म्हणजे त्याचं डोकं उठायचं.

धुळ्याला परीक्षेत या वेळी मात्र सगळं सुरळीत चाललं. एककं घडाघडा आली. हीटरचा प्रश्न आला, तेव्हा त्याने मन मारून "कमी होतो" म्हटलं. साहेब खूश झाले.

"छान. आता तुमच्याच कामातलं विचारतो, काका. विहिरीवरची मोटार पूर्ण लोडवर चालू आहे. व्होल्टेज पडलं. मोटारीच्या करंटचं काय होईल?"

'वाढस' अगदी ओठांवर आलं होतं. पण याच शब्दाने त्याला दोनदा घरी धाडलं होतं. साहेब पुन्हा फसवतायत, त्याला वाटलं.

"कमी होतो, साहेब."

"नक्की?"

"नक्की. व्होल्टेज भागिले रोध."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तीस वर्षं मोटारी भरता ना? मोटार का जळते हेच माहीत नसेल, तर तुम्हाला परमिट कसं देऊ?"

उखर्डूला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. परतीच्या एसटीत त्याने दिपमालाला तो प्रश्न आणि आपलं उत्तर सांगितलं.

दुकानापाशी शेतकरी रतिलाल जळकी मोटार घेऊन वाट बघत होता. "उखर्डूभाऊ, आते परवाच भरेल व्हती. काय व्हयनं व्हई?"

उखर्डूने मोटार उघडली, गुंडाळीचा वास घेतला.

"व्होल्टेज पडनं, करंट वाढी गया."

रतिलालने लगेच मान डोलावली. दिपमालाने पुस्तक पिशवीत टाकलं आणि वर न बघता ती जळकं तांबं सोडवायला बसली.