कस्तुराने सांगितलेला आकडा

मी एक जुनं नेटवर्क कार्ड आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका. तळहाताएवढी हिरवी पट्टी, तिच्यावर काळ्या चिप आणि कडेला एक बारीक दिवा, एवढाच माझा संसार. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. तिथे तपासणीत पास झालो तेव्हा वाटलं, आता आपण एखाद्या काचेच्या इमारतीत जाणार. आलो कुठे, तर चाकणला, अण्णासाहेबांच्या स्प्रिंगच्या कारखान्यात, तेलाच्या वासात.

तिथे स्प्रिंग तपासणाऱ्या मशीनशेजारी एक कॉम्प्युटर आहे. त्याच्या पोटात मला बसवलं. प्रत्येक स्प्रिंगचं माप ऑफिसपर्यंत पोचवायचं, हे माझं काम. मापं पोचली नाहीत तर मालाची गाडी गेटबाहेर पडत नाही.

माझ्यात एक खोट आहे. नवी कार्डं कॉम्प्युटरला आपली ओळख आपणच सांगतात. आमच्या पिढीला ते येत नाही. आमच्यासाठी ड्रायव्हर लागतो. तो गाडी चालवणारा नव्हे, तर माझी भाषा कॉम्प्युटरला समजावणारा एक छोटा प्रोग्राम. कार्ड कितव्या नंबरवर बसलंय, हे त्याला माणसाने हाताने सांगावं लागतं. नंबर चुकला की मी मेल्यासारखा पडून राहतो. त्यात कॉम्प्युटरचा सेल कधीच संपलेला, त्यामुळे तो बंद केला की सगळं विसरायचा.

म्हणून त्याला वर्षभर कोणी बंद करत नसे. बंद व्हायचा तो फक्त खंडेनवमीला. त्या दिवशी यंत्रांना विश्रांती, झेंडूची माळ, हळदकुंकू. दसरा उलटला की मला पुन्हा जागेवर आणायची कस्तुरा.

कस्तुरा शेजारच्या गावची, कंत्राटावर स्प्रिंग तपासणारी. मला बसवणाऱ्या माणसाकडून तिने तो नंबर शिकून घेतला होता. तोंडाची फटकळ. "ऊठ मेल्या, लई झोपलास," म्हणत ती नंबर टाकायची आणि माझा दिवा लागायचा. नंबर मात्र तिने कोणाला सांगितला नाही. "सांगितला की माझी गरज सरली," असं ती माझ्यापाशी पुटपुटायची. नवा सेल काळेवाडीच्या दुकानात मिळतो, हेही तिला ठाऊक होतं. त्याबद्दलही ती अवाक्षर बोलली नाही. लबाड होती म्हणा हवं तर. पण ती लबाडी पोटासाठी होती.

यंदा अण्णासाहेबांनी ठरवलं, की कारखान्याची नाडी बाईच्या हातात नको. त्यांचा पुतण्या जयदीप नुकताच इंजिनिअर होऊन आला होता. दसऱ्यानंतर ते कस्तुराला म्हणाले, "तू लांब हुबी राहा. जयदीप करंल. त्याला जमलं, की तुझं काम संपलं."

कस्तुराने पदर खोचला आणि ओठ आवळले. आज काही झालं तरी बोलायचं नाही. पोरगं हरलं की अण्णा आपल्याकडेच येतील, मग कंत्राटाचं काय ते बोलून घेऊ. मलाही तिचं पटलं होतं.

जयदीपने पाच नंबर टाकला. तिथे प्रिंटर बसलेला. मी गप्प. त्याने सात टाकला. मी गप्प. दर वेळी कॉम्प्युटर पुन्हा चालू करावा लागे, आणि माल घ्यायला आलेले दोन साहेब मागे उभे राहून घड्याळ बघत होते. त्यांच्यादेखत अण्णासाहेबांचा तोल गेला.

"ह्येच शिकलास व्हय रं? कालिजात काय गोट्या खेळत हुतास?" म्हणत त्यांनी पुतण्याच्या डोक्यात टपली मारली. टपली कसली, चांगला फटकाच होता तो. साहेब हसले. जयदीपच्या भरल्या डोळ्यांना समोरचा स्क्रीन दिसेना.

कस्तुराने मान फिरवली. मग पुन्हा वळून पाहिलं. मित्रांनो, मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई, गप्प बस! पण ती त्याच्या कानाशी वाकली.

"रडू नगं दादा. धा टाक. धा."

जयदीपने दहा टाकला आणि माझा दिवा लागला. विझून राहता आलं असतं तर मी राहिलो असतो. पण वस्तूला रुसता येत नाही. खरा नंबर कोणीही टाकला तरी तिला उठावं लागतं.

"बघा! आमच्या घरचं पोरगं हाय," म्हणत अण्णासाहेबांनी साहेबांसमोर त्याची पाठ थोपटली. मापं पोचली, गाडी भरून गेली.

शिफ्ट सुटताना ते कस्तुराला म्हणाले, "उद्यापास्नं येऊ नगंस."

ती जयदीपकडे वळली. "दादा, सांग की तुझ्या काकाला. नंबर कुणी दिला त्ये सांग."

जयदीपने मोबाइलमधून मान वर केली नाही. "मावशी, मला येतच होतं. अजून एकदा ट्राय केलं असतं तर झालंच असतं."

डबा उचलून ती गेटकडे चालू लागली. कोणी तिला थांबवलं नाही.

आता माझे भारी लाड होतात. जयदीपने नवा सेल आणला, माझी धूळ पुसली. आल्यागेल्याला तो मला दाखवतो आणि कसं चालू केलं ते रंगवून सांगतो. मला त्याची किळस येते, तरी मी मुकाट लुकलुकतो.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. आमचं काय, एक फुंकर पुरते. पण चारचौघांत तुमची लाज कोणी राखली आणि त्यापायी त्याच्याच पोटावर पाय येत असेल, तर त्या वेळी तोंड उघडा. जयदीपला दोनच शब्द म्हणायचे होते, "मावशीने सांगितलं."