ठेक्यावरचा निरोप

"ए, ते मशीन बंद कर आधी! भोंगा काहीतरी सांगतोय."

मावशी ओरडल्या तेव्हा वाळवणीच्या यंत्रात निम्म्या चादरी अजून ओल्या होत्या. मी बटण दाबलं. इस्पितळाच्या तळघरात आमचा धुलाई विभाग आहे, आणि तिथली यंत्रं थांबली की कानांना दडे बसल्यासारखं वाटतं. कपाटावरच्या रेडिओतून भोंग्याचा घोगरा आवाज येत होता. भोंगा म्हणजे दर शनिवारी दुपारी हिपहॉपचा कार्यक्रम करणारा निवेदक. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोला तरी आठवत असेल की नाही, कोण जाणे.

"तर मंडळी, पुढचा शनिवार शेवटचा. आपला रेडिओ बंद होतोय. पण रडायचं नाही! आपण इंटरनेटवर चाललोय. ॲप घ्या, आणि जगाच्या पाठीवर कुठेही ऐका!"

मावशींच्या हातात उशीचा अभ्रा होता. तो त्यांनी घडी न घालताच गठ्ठ्यावर ठेवून दिला.

"म्हणजे आत ऐकू येणार नाही का गं?" त्यांनी मला विचारलं.

मी काय सांगणार, कपाळ! आत म्हणजे तुरुंगात. तिथे फोन नाही, इंटरनेट नाही. बराकीच्या भिंतीवर एक रेडिओ आहे आणि तो शनिवारी दुपारी लावू देतात, एवढीच काय ती मेहेरबानी. मावशींचा मुलगा त्या बराकीत आहे.

मावशींना रॅप पाठ आहे हे ऐकून कुणालाही हसू येईल. मलाही यायचं. साठीला टेकलेली बाई, गुडघे धरतात म्हणून स्टुलावर बसून घड्या घालणार, आणि तोंडाने कुठल्या तरी पोराचं रॅप पुटपुटणार, तेही शिव्यांच्या जागी "हं हं" करत. त्यांना ते आवडायचं म्हणाल तर अजिबात नाही. "हे गाणं आहे की भांडण?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. पण कार्यक्रमात मध्येच निरोपांची वेळ असायची. आत असलेल्यांच्या घरची माणसं फोन करायची, भोंगा खाली ठेका चालू ठेवायचा, आणि लोक त्या ठेक्यावर घरची खबरबात सांगायचे. फोन कधी लागेल याचा नेम नाही, म्हणून सगळा कार्यक्रम ऐकणं आलं. ऐकून ऐकून बाई इतकी तयार झाली की कोण कुणाची नक्कल मारतोय हे मला ऐकवायची.

मुलाला हे वेड भोंग्यानेच लावलेलं. शाळेतून आला की दप्तर भिरकावून रेडिओला चिकटायचा. एकदा भोंग्याने त्याला फोनवर स्वतःच्या चार ओळी म्हणू दिल्या, तर स्वारीचे पाय कितीतरी दिवस जमिनीला लागत नव्हते. "आता हा बडबडून पोट भरणार!" असं वडील म्हणायचे, पण शनिवारी रेडिओचा आवाज वाढवायचेही तेच. पुढे एका मारामारीत या पोराच्या हातून एक माणूस जन्माचा अधू झाला. तो घरी येऊन लपला, आणि वडिलांनीच त्याला दंडाला धरून पोलीस चौकीत नेलं. त्या दिवसापासून त्याने घराशी बोलणं टाकलं. मावशी दिवसभराचा प्रवास करून भेटीला जायच्या, जाळीपाशी बसायच्या, आणि शिपाई येऊन सांगायचा, "नाही म्हणतोय." पत्रं तशीच परत यायची. उरला तो रेडिओ.

दोन वर्षांपूर्वी वडील वारले. मावशी सांगायला गेल्या, तर नेहमीप्रमाणे हा याही वेळी आला नाही. "निरोप असेल तर द्या, मी सांगतो," शिपाई म्हणाला. पोराला बाप गेल्याचं शिपायाच्या तोंडून कळावं, हे काही मावशींना सोसेना. त्या तशाच परत आल्या, आणि त्या शनिवारी ठेक्यावर म्हणाल्या, "बाबा बरे आहेत. तुझी आठवण काढतात." एकदा म्हटलं ते म्हटलं. मग दर शनिवारी तेच.

"मावशी, हे असं किती दिवस चालणार?" मी एकदा विचारलं होतं.

"सुटून येईपर्यंत. मग मी सांगेन. माझ्यासमोर रडेल, ओरडेल, मला चार शब्द बोलेल. तिथे कुणाजवळ रडणार तो? बापाशी अबोला धरून बसलेला पोरगा. तिथे कळलं तर जिवाचं काही बरंवाईट करून घेईल."

मी पुढची चादर घडीला घेतली.

तो ऐकतो तरी का, ही एक टोचणी त्यांना होती. ती मिटवली एका रंगाऱ्याने. इस्पितळाच्या भिंती रंगवायला आलेला. मावशी कुणाला तरी झापत होत्या, तो आवाज ऐकून गडी शिडीवरूनच म्हणाला, "तुम्ही शनिवारच्या मावशी ना?" शिक्षा भोगून नुकताच बाहेर आला होता.

"आख्खी बराक तुम्हाला मावशीच म्हणते," तो म्हणाला. "तुमचा आवाज आला की तुमचा पोरगा भिंतीकडे तोंड करून बसतो. पण उठून जात नाही हां! मांडीवर ठेका धरतो. आम्ही सगळेच धरायचो. फक्त ठेका थांबला की छातीत धस्स व्हायचं."

"का?" मी विचारलं.

"अगं, कुणाच्या घरचं कुणी वारलं असेल तर भोंगा ठेका बंद करतो," मावशीच म्हणाल्या. "इतकी वर्षं ऐकतेस आणि एवढं कळलं नाही तुला?"

"आत सगळ्यांना माहितीये," रंगारी म्हणाला. "ठेका थांबला की माणूस बोलायच्या आत कळतं. कुणी काही विचारत नाही मग."

त्या दिवशी मावशींनी त्या रंगाऱ्याला आपल्या डब्यातलं अर्धं जेवण दिलं, आणि "भिंतीकडे तोंड करून का होईना" असं दिवसभर मला ऐकवत राहिल्या.

शेवटच्या शनिवारी फोन लागणं शक्यच नव्हतं. भोंग्याच्या हाताखाली तयार झालेली पोरं आता मोठी नावं झाली आहेत, लाखो लोक त्यांना फोनवर बघतात. ती सगळी सकाळपासून निरोपाचे व्हिडिओ टाकत होती. कार्यक्रम सुरू करताना भोंगा मारायचा ती आरोळी तर जो तो आपल्या गाण्यात घालत होता. एवढ्या लोकांचं प्रेम उतू चाललं होतं, पण त्यातल्या एकाच्या घरात तरी रेडिओ होता का, हे विचारायची सोय नव्हती. मी सुपरवायझरच्या हातापाया पडून दोघींची पाळी बदलून घेतली आणि आम्ही थेट रेडिओ स्टेशनवर गेलो.

बोळकंडीत ही गर्दी! प्रत्येकाच्या हातात फोन वर धरलेला. एक सोन्याच्या साखळ्यांनी मढलेला गायक मावशींना पाहून धावत आला. "मावशी! तुमचा आवाज ऐकत लहानाचा मोठा झालो मी!" त्याचे डोळे खरोखरच भरून आले होते. पोरगा मनाने चांगला होता.

"मग आत ऐकू येईल असं काही कर ना रे," मावशी म्हणाल्या.

"ॲपवर सगळं राहणार, मावशी. कायमचं!"

मावशींनी त्याच्या गालाला हात लावला आणि पुढे गेल्या.

भोंगा म्हणजे कुणी आडदांड गडी असेल असं मला वाटायचं. निघाला काडीपैलवान, जाड चष्म्याचा. त्याने मावशींना स्वतःची खुर्ची दिली. तुरुंगवाल्यांकडे दोनदा जाऊन आलो, म्हणाला. इंटरनेट नियमात बसत नाही म्हणाले. मालकांनी तर प्रसारणाचा मनोराही विकून टाकला होता.

"आता तुमचा आवाज जगभर जाईल, मावशी," तो म्हणाला. पण ते त्याला स्वतःलाच पटलेलं दिसत नव्हतं.

"मला जगभर काय करायचाय? मला त्या एका खोलीत पाहिजे."

भोंग्याने चष्मा काढून पुसला. "शेवटचा निरोप तुमचाच ठेवलाय. त्यानंतर बंद."

आत जाताना मी मावशींचा हात धरला. "आज सांगणार का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आज तर नाहीच. आजच्यानंतर त्याला सावरायला माझा आवाजसुद्धा नसणार."

काचेपलीकडे लाल दिवा लागला. ठेका सुरू झाला, तोच जुना, दणदणीत. मावशींना कानावरचं ते यंत्र मोठं होत होतं, एका हाताने धरून त्या बोलू लागल्या.

"मी मावशी बोलतेय. मावशी काय! आई बोलतेय. सगळ्यांची सवय लागली बघ. गुडघ्यांचं औषध चालू आहे. हा रेडिओ आजपासून बंद, तर मी बोलत नाही म्हणून रुसली असं समजू नकोस. मी भेटीला येत जाईन. तू बाहेर येऊ नकोस हवं तर, मी बसून परत जाईन. आणि बाबा..."

ठेका थांबला.

भोंग्याने स्वतःच ठेक्याची कळ हळूच खाली ओढली होती. डोळे मिटून, मान खाली घालून तो उभा होता. मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. एवढी शांतता त्या रेडिओवर मी कधी ऐकली नव्हती.

"का रे? लाव ना," मावशी म्हणाल्या. "अरे, लाव तो! बाबा बरे आहेत! ऐकतोयस ना? बाबा बरे आहेत, हा उगाचच... अरे ठेका लाव ना रे मेल्या!"

भोंग्याला वाटलं, बाईला गहिवरून आलंय. त्याने मान हलवली, मावशींचा माइक बंद केला आणि स्टेशनची धून लावली. लाल दिवा विझला. बोळकंडीत टाळ्यांचा कडकडाट झाला.

"का बंद केलास?" मावशी उठून उभ्या राहिल्या. "का केलास बंद?"

"आज रेडिओच जातोय ना, मावशी. म्हणून म्हटलं, शेवटच्या निरोपाला..." बोलता बोलता तो थांबला. त्याचा चेहरा उतरला. "कोण गेलंय, मावशी?"

"कुणी नाही. परत चालू कर. एकच वाक्य बोलते. चुकून झालं, एवढंच सांगते."

भोंगा खरोखरच कळा दाबायला लागला. सगळ्या वर केल्या, खाली केल्या. मग तंत्रज्ञाकडे पाहिलं. तो बिचारा मान हलवत म्हणाला, "मनोरा बंद झाला, साहेब. ॲपवर सुरू आहे."

बाहेर फोनवर ते सुरूच होतं. साखळ्यांचा गायक मावशींचं शेवटचं वाक्य ऐकून ढसाढसा रडत होता आणि ते लाखो लोक बघत होते.

त्या रात्री मावशी झोपल्या नसाव्यात. पुढच्या भेटीच्या दिवशी मी सोबत गेले, त्यांना एकटीला पाठवायची माझी छाती झाली नाही. वाटेत त्यांचं एकच चाललं होतं. "त्याला वाटेल, रेडिओसाठी थांबवला ठेका. वाटेल ना गं? हुशार आहे तो." मी हो म्हणत होते. दुसरं काय म्हणणार?

शिपायाने नाव लिहून घेतलं आणि आत गेला. मावशी जाळीपाशी नेहमीच्या बाकावर बसल्या. थोड्या वेळाने शिपाई एकटाच परत आला. मला वाटलं, सुटलो.

"येतोय," तो म्हणाला.

इतकी वर्षं ज्या शब्दासाठी मावशी तिथे बसत आल्या, तो ऐकून त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. त्यांनी माझं मनगट आवळून धरलं.

तो आला. मी फोटोत पाहिला होता त्यापेक्षा खूप थोराड दिसत होता, कानाजवळ केस पांढरे. समोर बसला. दोन्ही हात त्याने गुडघ्यांवर ठेवले होते आणि ते हलत नव्हते.

"कधी गेले?" त्याने विचारलं.

मावशी माझ्याकडे पाहायला लागल्या. मी खाली पाहिलं.

"झोपेतच गेले रे," त्या म्हणाल्या. "काही त्रास झाला नाही. तुझं नाव घेत होते."

"कधी, आई?"

इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून "आई" ऐकलं, आणि मावशींना ओ देता येईना.