पाच नंबरची भट्टी

“ही रेघ बघ, नादेज, आणि आता ही.” जोसिआनने दोन कागद माझ्यासमोर ठेवले. “दुसरी कुठे चाललीय?”

पहिली रेघ चार नंबरची, सरळ होती; दुसरी खाली वाकली होती. पाच नंबरचा दोलक थंडपेटीत दोन अंशांवर नेला, तेव्हा त्याची कंपनं अब्जात चारने ढळली होती. मर्यादा पाचची.

“मर्यादेत आहे की,” मी म्हणाले.

“माझ्या हातचा कधी एकाच्या वर गेलेला पाहिलायस?”

दोन वर्षांत मी तरी पाहिला नव्हता. आमचा दोलक म्हणजे घड्याळाला ठोका देणारी साबणाच्या वडीएवढी डबी; तिच्यात क्वार्ट्झचा स्फटिक आणि त्याला ऊब देणारी छोटीशी भट्टी असते. प्रत्येक स्फटिकाचं स्वतःचं एक तापमान असतं. तिथे त्याची वारंवारता उतरत उतरत तळाला येते आणि पुन्हा चढू लागते. त्या तळाशी ऊब किंचित इकडेतिकडे झाली तरी कंपनं जवळपास ढळत नाहीत. तो तळ शोधायचा आणि भट्टी तिथे बांधून द्यायची, हे काम जोसिआन अडतीस वर्षं करत होती. सोमवारपासून ते यंत्र करणार होतं. आज तिचा शेवटचा दिवस.

असे सहा दोलक ब्रेस्तच्या बंदरात थांबलेल्या जहाजावर जायचे होते. तिथून भूकंपमापकांच्या पोटात बसून वर्षभर समुद्रात, चार हजार मीटर खोल. घड्याळ चुकलं तरी तिथे ते लावायला कुणी जात नाही. गाडी चारला येणार होती. आता दीड वाजला होता.

यानिक, आमचा विभागप्रमुख, सह्यांचे कागद न्यायला आला. जोसिआनने पाच कागद दिले.

“सहावा?”

“तो मी चुकवलाय.”

त्याने आकडा पाहिला. “चार. पास आहे, जोसिआन.”

“बुधवारी ऊब वाढवताना मी दर पायरीला पाचच मिनिटं थांबले. दहा थांबायला हवं होतं.”

“का नाही थांबलात?”

“बेकरी सहाला बंद होते. आजचा खाऊ सांगायला जायचं होतं.”

आमच्याकडे निघणाऱ्यानेच सगळ्यांना खाऊपिऊ घालायचं असतं. यानिक हसला. “यंत्राला निदान बेकरीत जायचं नसतं.”

“त्यालाही दहा मिनिटं थांबायला लावा, साहेब. घाई काय फक्त मलाच होते?”

भट्टीच्या भिंतीतला तापमापी दोन मिनिटांत स्थिर आकडा दाखवतो. स्फटिकापर्यंत ऊब पोचायला मात्र दहा लागतात. पाचव्या मिनिटाला मोजलं तर भलताच तळ सापडतो.

यानिकने घड्याळ पाहिलं. “नऊ पायऱ्या धरा. पाच पाच मिनिटांनी अडीचपर्यंत होईल. मग दीड तासाची थंड चाचणी. जमतंय.”

“दहा दहाने करणार.”

“मग चाचणी होणार नाही.”

“बघू,” म्हणत जोसिआनने डबीच्या झाकणातला, भट्टीची ऊब ठरवणारा बारीक स्क्रू फिरवायला घेतला.

मी आकडे लिहीत होते. एक पायरी, दहा मिनिटं. दुसरी पायरी, दहा मिनिटं. ती हात मांडीवर ठेवून बसायची, आकड्याकडे बघायचीसुद्धा नाही. यानिक दर पायरीला दारात येऊन जायचा. चौथ्या पायरीला सहाव्या मिनिटाला आकडा थांबल्यासारखा झाला.

“थांबला,” मी म्हणाले.

“नाही.”

आठव्या मिनिटाला तो पुन्हा सरकला. मी खोडून लिहिलं.

सव्वातीनला तळ सापडला. बुधवारच्या जागेपेक्षा जवळजवळ दीड अंशाने खाली. जोसिआनने स्क्रूवर लाखेचा थेंब टाकला आणि डबी थंडपेटीत ठेवली.

चारला पाच मिनिटं असताना यानिक पेन घेऊन आला. खाली गाडी उभी होती.

“सही करा.”

“चाचणी निम्मी झालीय.”

“तुम्ही तळ शोधलात ना? मग मला चाचणी नको. तुमचा हात पुरे.”

दोन वर्षांत मी त्याच्या तोंडून असं काही ऐकलं नव्हतं. जोसिआनने पेन हातात घेतलं. क्षणभर मला वाटलं, करते सही.

“बुधवारीही माझाच हात होता,” ती म्हणाली आणि पेन परत दिलं.

“समुद्रात एका जागी वर्षभर काही नसेल. ब्रेस्तला फोन मी करायचाय, तुम्ही नाही.”

“माहितीय. माझं नाव सांगा.”

“तुमचं नाव सांगून मी काय करू?” यानिक म्हणाला. बाकीच्या पाच दोलकांची पेटी घेऊन तो खाली गेला. स्पंजातला पाचवा खळगा रिकामा होता. गाडी चार वाजून दोन मिनिटांनी निघाली.

साडेचारला खाऊसाठी खालून दोनदा हाक आली. “तुम्ही सुरू करा,” मी जिन्यातून ओरडले.

पावणेपाचला चाचणी संपली. कागदावरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ होती. अब्जात अर्धासुद्धा नाही. जोसिआनने चष्मा वर करून रेघ नीट पाहिली, आकडा लिहिला, तारीख घातली आणि खाली सही केली. मग तारा सोडवून तिने डबी तळहातावर घेतली. आतली भट्टी निवत होती. डबी पुरती गार होईपर्यंत ती तशीच उभी होती.